कानातील नाद आणि गावातील गोंगाट

विसर्जनाची मिरवणूक पुढे निघून गेली, ध्वनिक्षेपक थांबले, दिवे मालवले आणि गाव झोपी गेले, की गोंगाट संपला असे मानले जाते. परंतु त्याच गावात एखाद्या घरी एखादा माणूस अजून जागाच असतो. बाहेरचा आवाज थांबला तरी त्याच्या कानातील आवाज थांबलेला नसतो. उलट बाहेर जितकी शांतता पसरावी तितका तो अधिक स्पष्ट होत जातो. कोणाला तो रातकिड्यांच्या किरकिरीसारखा, कोणाला बारीक शिट्टीसारखा, तर कोणाला दूरवरच्या पिठाच्या गिरणीच्या घरघरीसारखा ऐकू येतो. शेजारी निजलेल्या घरच्या माणसांना त्यातील काहीच ऐकू येत नाही. त्यामुळे आपले दुःख सांगावे कोणाला, आणि सांगितले तरी त्यावर विश्वास कोण ठेवणार, असा प्रश्न त्या माणसापुढे उभा राहतो.

या विकाराला कर्णनाद असे म्हणतात. बोलीभाषेत ‘कान वाजणे’ किंवा ‘कानात गुणगुणणे’ हे शब्द रूढ आहेत. हा विकार नवा नाही. सुश्रुतसंहितेत कानाचे जे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनादाचाही समावेश आहे. तो विरळाही नाही. जगभरातील अनेक पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार प्रौढांपैकी शेकडा सुमारे १४ जणांना कर्णनादाचा अनुभव असतो आणि शेकडा सुमारे २ जणांना त्याचा तीव्र त्रास होतो. म्हणजे पाच-सहाशे प्रौढांच्या लहानशा गावातही या विकाराने गांजलेली दहा-बारा माणसे असू शकतात. ग्रामसभेत मागच्या बाजूला बसणारा, लग्नसमारंभ टाळणारा किंवा वर्गातील गलक्याने एकाएकी चिडणारा माणूस कदाचित त्यांपैकीच एक असेल.

हा आवाज येतो कोठून?

कानाच्या आतील भागात गोगलगाईच्या शंखासारखी वळणे असलेली एक सूक्ष्म नळी असते. तिच्यात केसासारखे तंतू असलेल्या पेशी ओळीने मांडलेल्या असतात. त्यांना केशपेशी म्हणतात. प्रत्येक कानात त्यांची संख्या सुमारे १५ हजार असते. बाहेरून आलेल्या ध्वनिकंपनांचे रूपांतर या पेशी विद्युत्‌संकेतांत करतात आणि मज्जातंतूमार्फत ते संकेत मेंदूकडे जातात. अतिमोठ्या आवाजाने, वार्धक्याने किंवा काही औषधांच्या परिणामाने या पेशी एकदा नष्ट झाल्या, की माणसाच्या कानात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत.

पेशी नष्ट झाल्या म्हणजे त्या भागातून मेंदूकडे जाणारे संकेत कमी होतात. रेडिओवर दूरचे केंद्र नीट लागत नसले, की ऐकणारा आवाजाचे बटण वाढवितो आणि मग कार्यक्रमाबरोबर खरखरही वाढते. मेंदूही काहीसे असेच करतो, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. कमी झालेल्या संकेतांची भरपाई करण्यासाठी तो आपली संवेदनक्षमता वाढवितो आणि त्यातून बाहेर नसलेला आवाज ऐकू येऊ लागतो. म्हणजे कर्णनादाचे निमित्त बहुधा कानात असले, तरी तो नाद टिकून राहतो तो मेंदूत. शरीरशास्त्रज्ञ पावेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये याच दिशेने एक उपपत्ती मांडली. नाद ऐकू येणे ही एक गोष्ट आणि त्याची भीती वाटणे ही दुसरी, असा भेद त्यांनी केला. मेंदूने त्या नादाला धोक्याची खूण मानले, की लक्ष सतत तिकडे वेधले जाते, झोप उडते, चिंता वाढते आणि त्या चिंतेमुळे नाद अधिकच जाणवतो. हे दुष्टचक्र तोडणे हेच उपचाराचे मुख्य उद्दिष्ट होय.

दुहेरी अडचण

कर्णनादाच्या रुग्णाची खरी अडचण रोजच्या व्यवहारात दिसते. सुप्रसिद्ध जर्मन संगीतकार बेथोव्हेन यांना वयाच्या तिशीतच या विकाराने ग्रासले होते. २९ जून १८०१ रोजी आपले डॉक्टर मित्र फ्रान्झ वेगलर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कानात रात्रंदिवस चालणाऱ्या गुणगुणीची तक्रार केली आहे. कोणी हळू बोलले तर शब्द कळत नाहीत, आणि कोणी ओरडले तर मात्र ते असह्य होते, असेही त्यांनी त्या पत्रात कळविले आहे. पुढे १८०९ मध्ये फ्रेंच सैन्याने व्हिएन्ना शहरावर तोफा डागल्या. त्या वेळी ते भावाच्या घराच्या तळघरात उशांनी कान झाकून बसले होते, असे त्यांच्या शिष्याने नमूद केले आहे.

ही दुहेरी अडचण आजच्या रुग्णांनाही भोगावी लागते. हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज सोसवत नाही. कुकरची शिट्टी, स्टीलचे भांडे पडल्याचा खणखणाट, एस. टी. स्थानकावरील कर्णे, शाळेची घंटा यांनी त्यांचा जीव दचकतो. अशा आवाजानंतर कानातील नाद काही काळ वाढतोही. त्यामुळे रुग्ण हळूहळू आवाजाचीच धास्ती घेतो. आधी तो मिरवणूक टाळतो, मग बाजार टाळतो, पुढे नातेवाइकांकडील कार्ये टाळतो. घरातही कानात बोळे घालून, दारे-खिडक्या लावून बसतो. ही शांतता आपल्याला तारील असे त्याला वाटते. वस्तुतः येथेच त्याची फसगत होते.

शांततेचा फसवा आसरा

या संदर्भात तीन प्रयोग उद्बोधक आहेत. अमेरिकेत १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात श्रवणशक्ती उत्तम असलेल्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसवून, काय ऐकू येते ते टिपावयास सांगण्यात आले. त्या नीरव खोलीत शेकडा ९४ जणांना कसला ना कसला आवाज ऐकू आला. त्यांपैकी कोणालाही कर्णनादाची तक्रार नव्हती. इंग्लंडमधील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १८ निरोगी व्यक्तींनी एका कानात सात दिवस बोळा घातला. त्यांपैकी १४ जणांना त्या काळात कानात आवाज येऊ लागले आणि बोळा काढल्यावर ते नाहीसे झाले. अमेरिकेतील क्रेग फॉर्म्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. दोन आठवडे जवळजवळ अष्टौप्रहर कान बंद ठेवलेल्यांना नंतर पूर्वीपेक्षा कमी आवाजही मोठा वाटू लागला. याउलट, ज्यांच्या कानी तितकेच दिवस मंद आवाज सोडला होता, त्यांची आवाज सोसण्याची शक्ती वाढली.

या तिन्ही प्रयोगांचा इत्यर्थ एकच आहे. कान उपाशी ठेवला, की मेंदू आवाज शोधू लागतो. म्हणून पूर्ण शांतता हा कर्णनादावरील उपाय नव्हे. त्याचबरोबर, ‘सवय होईल’ असे म्हणून अतिमोठा आवाज सोसत राहणे हाही उपाय नव्हे, कारण त्याने उरलेल्या केशपेशींचाही नाश होतो. घातक आवाजापासून कान जपावेत आणि साध्या आवाजाशी त्यांची मैत्री ठेवावी, हाच मध्यममार्ग होय. यासाठी घातक कोणता आणि साधा कोणता, हे रुग्णाला ओळखता आले पाहिजे.

घातक आणि साधा

आवाजाची तीव्रता डेसिबल या एककात मोजतात. हे माप साध्या बेरजेचे नाही. १० डेसिबल वाढले, की ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे १०० डेसिबलचा आवाज ९० डेसिबलच्या आवाजाहून थोडासा नव्हे, तर दहापट तीव्र असतो. रात्रीची शांत खोली सुमारे ३० आणि नेहमीचे संभाषण सुमारे ६० डेसिबल असते. स्वयंपाकघरातील मिक्सर ८० ते ९० डेसिबलच्या आसपास जातो. यंत्रमागाच्या शेडमधील आवाज ९० च्या पुढे असतो, तर मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे तो १०० डेसिबल सहज ओलांडतो.

आवाजाइतकाच त्याचा कालावधीही महत्त्वाचा असतो. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या १९९८ च्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तासांपेक्षा अधिक राहू नये. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८८ डेसिबलला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. या हिशेबाने पाहिल्यास मिक्सर दोन मिनिटे चालल्याने किंवा कुकरची शिट्टी झाल्याने कानाची हानी होत नाही, मग तो आवाज कितीही नकोसा वाटो. परंतु ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे तासभर नाचणे निरोगी कानालाही बाधक ठरते. मापकयंत्र जवळ नसले तरी एक साधी कसोटी उपयोगी पडते. हातभर अंतरावरील माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर तेथील आवाज कानाला घातक आहे असे समजावे.

नकोसा आवाज आणि घातक आवाज यांतील हा फरक एकदा मनात ठसला, की रुग्णाची निम्मी भीती ओसरते. साध्या आवाजानंतर नाद वाढला तरी तो बहुधा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत पूर्वपदावर येतो. त्या वाढीचा अर्थ प्रत्येक वेळी नवी इजा झाली असा होत नाही.

दिनचर्येतील उपाय

मिरवणूक, वरात, फटाके, यंत्रमाग, पिठाची गिरणी, लाकूड कापण्याचे यंत्र अशा ठिकाणी कानांना संरक्षण हवेच. त्यासाठी औषधांच्या दुकानात अल्प किमतीत मिळणारे मऊ फोमचे बोळे चालतात. बोळा बोटांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढावी, बोळा आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. अशा रीतीने नीट बसविल्यास आवाज साधारण २० डेसिबलने किंवा त्याहूनही अधिक कमी होतो. कापसाच्या बोळ्याने मात्र फारसे संरक्षण मिळत नाही. अंतर हेही मोठे संरक्षण आहे. मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून येणारा आवाज अंतर दुप्पट केल्यास सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. म्हणून ढोल-ताशाच्या पथकाजवळ उभे राहण्याऐवजी पन्नास पावले मागे राहिल्यास उत्सवाचा आनंदही मिळतो आणि कानही वाचतात.

घातक जागेतून बाहेर पडताच बोळे काढून ठेवावेत. घरात, वर्गात, कार्यालयात किंवा रस्त्याने चालताना ते वापरू नयेत. ज्यांना साधे आवाजही असह्य झाले आहेत, त्यांनी एकदम सर्व आवाजांना सामोरे न जाता क्रमाक्रमाने जावे. प्रथम घरात मंद रेडिओ, मग अंगणात बसणे, मग गर्दी नसलेल्या वेळी बाजार, अशा पायऱ्या ठरवाव्यात. दचकविणारे आवाज युक्तीनेही कमी करता येतात. मिक्सरखाली जाड फडके घालावे, भांडी ठेवावयाच्या फळीवर रबरी चटई अंथरावी, कुकरची शिट्टी होण्याच्या सुमारास रुग्णाने स्वतःच शेगडीजवळ जावे. अपेक्षित आवाज अनपेक्षित आवाजाइतका झोंबत नाही.

रात्र ही रुग्णाच्या कसोटीची वेळ असते. त्या वेळी खोली अगदी निःशब्द ठेवू नये. पंख्याची घरघर किंवा रेडिओवरील मंद वादन चालू ठेवावे. हा आवाज कानातील नादाला बुडविणारा नसावा. त्याहून किंचित कमीच असावा, म्हणजे दोन्ही आवाज शेजारी-शेजारी राहून नादाकडील लक्ष हळूहळू सुटते. निजण्याची व उठण्याची वेळ ठरलेली असावी. झोप येत नसल्यास अंथरुणात तळमळत न पडता थोडा वेळ उठून बसावे.

डॉक्टरांचा सल्ला

नाद काही दिवस टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासणी आणि श्रवणचाचणी करून घेणे अगत्याचे आहे. कधी कधी कानातील साठलेला मळ, मध्यकर्णाचा दाह, रक्तक्षय किंवा रक्तदाब अशी दूर करता येण्याजोगी कारणे आढळतात. ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रा, क्विनाइन आणि काही प्रतिजैविके यांनीही नाद उद्भवू शकतो. परंतु चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. एकाएकी ऐकू येईनासे होणे, नाद एकाच कानात असणे, तो नाडीच्या ठोक्याबरोबर येणे किंवा त्यासोबत भोवळ येणे, ही लक्षणे दिसताच विनाविलंब तपासणी करावी. विशेषतः अचानक आलेल्या बहिरेपणात पहिले काही दिवस अत्यंत मोलाचे असतात. कानात तेल ओतणे, काडी किंवा पिन घालणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. पडद्याला छिद्र असल्यास तेलाने अपाय होतो.

कर्णनाद हमखास नाहीसा करणारे औषध आजवर सापडलेले नाही. तशी हमी देणाऱ्या जाहिरातींना भुलू नये. मात्र याचा अर्थ इलाज नाही असा नव्हे. श्रवणशक्ती कमी झालेली असल्यास श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज पुन्हा मेंदूपर्यंत पोहोचतात आणि पुष्कळांच्या बाबतीत नाद मागे पडतो. नादाविषयीचे भयप्रद विचार ओळखून ते बदलावयास शिकविणारी समुपदेशनाची पद्धत, म्हणजे बोधात्मक वर्तन उपचार, ही त्रास कमी करण्यात सर्वांत भरवशाची ठरली आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवणदोषांच्या क्षेत्रात कार्य करते. केंद्र शासनाने २००७ मध्ये राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमही सुरू केला. निद्रानाश आणि निराशा यांनी मन खचल्यास ऑक्टोबर २०२२ पासून कार्यरत असलेल्या ‘टेली-मानस’ या सेवेशी १४४१६ या क्रमांकावर बोलता येते.

घरच्यांची जबाबदारी

हा विकार डोळ्यांना दिसत नाही, हेच त्याचे मोठे दुर्दैव. ‘तुम्हाला भास होतात’ किंवा ‘लक्षच देऊ नका’ असे म्हटल्याने रुग्ण अधिक एकटा पडतो. काही ठिकाणी कानातील आवाज हा वेडाचा किंवा बाहेरच्या बाधेचा प्रकार समजला जातो आणि उपचाराचा अमूल्य काळ वाया जातो. वास्तविक कर्णनादात कोणी बोलत नाही, आज्ञा देत नाही. तो केवळ निरर्थक ध्वनी असतो. घरच्यांनी रुग्णाशी समोरासमोर, सावकाश आणि स्पष्ट बोलावे. ऐकू आले नाही म्हणून ओरडू नये, कारण बेथोव्हेन यांनी लिहिल्याप्रमाणे ओरडणे हेच त्याला सर्वांत असह्य होते.

नियम आणि गावाचे कर्तव्य

रुग्णाने स्वतःला कितीही सावरले तरी घराबाहेरचा गोंगाट आवरणे त्याच्या एकट्याच्या हाती नाही. ते समाजाचे व प्रशासनाचे काम आहे. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रासाठी अनुक्रमे ५० आणि ४० डेसिबल अशी मर्यादा घालण्यात आली आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या सभोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करण्याची तरतूद त्यांत आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण तीही वर्षातून १५ दिवसांपेक्षा अधिक नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निर्णयात या निर्बंधांना भक्कम पाठबळ दिले आहे. मर्यादेहून १० डेसिबल किंवा त्याहून अधिक आवाज झाल्यास, अथवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाल्यास, कोणाही नागरिकाला संबंधित प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते.

तथापि कायद्याचे बळ गावाच्या समजुतीने वाढते. उत्सवापूर्वी ग्रामपंचायतीने मंडळांच्या कार्यकर्त्यांना एकत्र बोलावून ध्वनिक्षेपकांची संख्या, त्यांची दिशा आणि बंद करण्याची वेळ ठरवून घ्यावी. शाळा, आरोग्य केंद्र आणि आजारी माणसांची घरे यांच्यासमोर मिरवणूक थांबवू नये. मिरवणुकीत पुढे चालणारी मुले आणि वाजविणारे तरुण यांना कानाचे बोळे द्यावेत. आज निरोगी असलेले हेच कान उद्याच्या कर्णनादापासून वाचवावयाचे आहेत. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव यांसारख्या यंत्रमागाच्या गावी कामगारांची नियमित श्रवणचाचणी व्हावी. शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला डेसिबलचा हा हिशेब मुलांना शिकवावा, आणि कानात यंत्र घालून तासन्‌तास मोठ्याने गाणी ऐकण्याचा धोकाही समजावून द्यावा. दरवर्षी ३ मार्च रोजी पाळल्या जाणाऱ्या जागतिक श्रवण दिनाचे निमित्त यासाठी उत्तम आहे.

कानातील नाद कदाचित कायमचा जाणार नाही, परंतु घरातील पंख्याच्या आवाजाप्रमाणे तो पार्श्वभूमीला जाऊ शकतो. अशा रीतीने असंख्य रुग्ण पुन्हा वर्गात शिकवू लागले आहेत, मागावर काम करू लागले आहेत, नातवंडांच्या गलक्यात रमू लागले आहेत. त्यांना दारे लावून बसण्याची वेळ येऊ नये. त्यांनी कार्यात यावे, ग्रामसभेत बोलावे, उत्सवातही सामील व्हावे. त्यासाठी त्यांनी आवाजाची भीती थोडी कमी करावयाची आहे आणि गावाने आपला आवाज थोडा कमी करावयाचा आहे.